निळं झाकण

डिझेलच्या झाकणाशेजारी हे दुसरं, निळं.
कंपनी त्याला काहीही म्हणो,
विट्यात सगळे त्याला युरियाच म्हणतात
आणि घोटाळा तिथंच झाला.

काचेमागं पहिल्यांदा उमटलं : आठशे किलोमीटर बाकी,
त्यानंतर इंजिन सुरू होणार नाही.
बंद पडेल असं नाही. सुरू होणार नाही.
सहा वर्षं आपल्या दारात उभी राहिलेली गाडी
अशी कलेक्टर कचेरीच्या भाषेत बोलायला लागली.
भिवघाटात पाचशे वीस.
तासगावला मोतीबिंदूची तारीख घेऊन आलो, चारशे चाळीस.
हिंदुरावमामा शेजारी बसून
आकडा उतरताना बघत होते,
सेलमच्या दुकानात भाव उतरताना बघायचे तसे,
एक डोळा मिटून.

दस्तगीर नदाफनं गाडी वर घेतली,
टाकीचे पट्टे सोडले, कडं फिरवलं,
पंप बाहेर आला
आणि गॅरेजभर एसटी स्टँडामागचा वास.
पंपाला पांढरे खडे धरलेले,
जाळी कुठली, नळी कुठली, कळेना.
त्यानं बोट लावलं, बोट नाकाशी नेलं.
"वर लिंबाचं तेल बी हाय.
गाडीला काय खरूज झाली हुती?"

कुणी बोललं नाही.
कॉम्प्रेसर तेवढा धापा टाकत राहिला.
मी पाहिलं होतं : दिवाळीच्या आधी, परसात,
बादली, विहिरीचं पाणी,
पोत्यातलं दोन ओंजळी खत
आणि उलथण्यानं ढवळणारे मामा.
मला वाटलं, कढीपत्त्याला घालतायत.

एकोणतीस वर्षं या माणसानं
परमुलखात दुसऱ्यांचं सोनं गाळलं.
तेजाबाची वाफ गिळून गिळून आवाज बसला,
पण नव्व्याण्णववर कधी हात थांबवला नाही.
त्याला डब्याचे सातशे रुपये जड झाले.
"युरिया त्यो युरियाच की," म्हणाले शेवटी,
आणि चपलेच्या अंगठ्याला सांगावं तसं, हळू,
"न्हाई. मळ त्यो मळच."

मग उठले. "ऊन पाणी द्या. बॅटरीचं, नळाचं नको."
दात घासायच्या ब्रशानं
तासभर खडे विरघळवत बसले
बाहीची घडी न मोडता.
पंप नव्यासारखा दिसायला लागला.
दस्तगीरनं दोन वायरी टेकवल्या :
टिक्.
एकदाच. मग काही नाही.

नवा पंप कोल्हापूरहून, पार्सलनं, एकतीस हजार.
डोळा पुढच्या महिन्यात करू, म्हणाले मामा,
तसंही डाव्यानं दिसतंय.
जुना पंप तळहातावर तोलला, सवयीनं.
"मोडीत किती?"
दस्तगीर हसला, मग हसायचं थांबला,
आणि खरंच हिशोब करायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवं रबर, नवं कडं,
दहा लिटरचा सीलबंद डबा.
टेस्टर लावून चूक पुसली
तरी चारशे बारा हलेना.
"चालवा," म्हणाला, "तिला जरा पटू द्या."
लेंगऱ्याच्या वळणावर, गिअर बदलताना,
आकडा होता तिथं नुसतं घड्याळ दिसलं.
पावणेपाच.

दारात येऊन किल्ली फिरवली.
इंजिन थांबलं, पण मागं कुठंतरी
बारीक घरघर चालूच.
दस्तगीरनं सांगितलं होतं : भ्यायचं नाही,
नळीत उरलेलं परत टाकीत ओढून घेतो,
राहिलं तर खडे होतात.

मी उतरायला लागले. मामांनी हात धरला.
"हुं दे त्याचं."
बसून राहिलो.
"दुकान मिटताना आमी भुई झाडायचो," म्हणाले,
"धूळ टाकायची न्हाई, डब्यात भरायची.
वरसाच्या अखेरीला त्यातनं सोनं निघायचं."
किती, ते सांगितलं नाही.
आवाज थांबला.
मामा एक डोळा मिटून
अजून ऐकतच होते.