थर्ड पार्टी

लायसन परत मिळालं सोमवारी, पेठ रोडच्या आरटीओतून.
खिडकीतल्या बाईंनी ते सरकवलं,
उशिरा आणलेलं लायब्ररीचं पुस्तक
दंड घेऊन सरकवतात तसं.
फोटोत मी हसतेय.

तीन महिने सिटीलिंकने सातपूरला गेले,
उभी, लॅबचा कोट पिशवीत.
गाडी पार्किंगमध्ये. तिच्या कव्हरवर
वॉचमनच्या मांजरीने पिल्लं घातली, ती मोठी होऊन गेलीही.
त्याच दिवसांत केव्हातरी पॉलिसी संपली.
उभ्या गाडीचीही मुदत संपते,
हे मला तरी कळायला हवं होतं;
रसायनांच्या बाटल्यांवर मी दिवसभर तारखाच लिहिते.

भामरे म्हणाले, "ब्रेक-इन पडला, मॅडम."
मला वाटलं, कुणी काच फोडली.
"तसं नाही हो. पॉलिसीत खंड.
आता गाडी बघायला पोरगा येईल.
नो क्लेम बोनस गेला, एकदा तुमच्या क्लेमने,
एकदा खंडाने.
पण एकच गोष्ट दोनदा जात नाही, तेवढा फायदा."
मग आवाज उतरवून:
"लायसनचं विचारलं तर खरं सांगा.
नाही विचारलं, तर कशाला."

फॉर्म मोबाइलवरच आला.
तो टेबलावर ठेवून भरला, दोन्ही हातांनी,
गाडीपासून चार मजले वर.
इंजिन किती सीसी.
सीएनजी बाहेरून बसवलाय का.
मागील दावा: हो. बॉनेट, डावा दिवा, बंपर.
मनगटाचं वेगळं, ते कोर्टात,
तारखेप्रमाणे.

शाळेत शिकलो, प्रथम पुरुष मी,
द्वितीय तू,
तृतीय पुरुष तो, जो समोर नसतो,
ज्याच्याविषयी आपण बोलतो.
विम्यातही तेच. मी, कंपनी आणि तो.
फक्त तो तेव्हा समोर होता,
पपया नर्सरीच्या चौकात, सायकलवर,
सेकंड शिफ्टला निघालेला,
आणि मी फोनवर बहिणीला सांगत होते
की आमसुलं नको, चिंच टाक.

डांबरावर नागलीची भाकर पडली होती.
चतकोर मोडलेली,
बाकी जशीच्या तशी.

शनिवारी गायधनींचा पोरगा आला.
समोरून फोटो, मागून फोटो, काच, किलोमीटरचा आकडा.
चासी नंबरावर कागद धरून
शिसपेन्सिल आडवी घासली त्याने,
आणि काळ्यात पांढरे आकडे
एकेक करून उगवत आले.
"डिकी उघडता का?"
डिकीत स्टेपनी, छत्री,
आणि एक झाकण.
स्टीलचं, डब्याचं, कड दबलेली.
"हे गाडीतलंच ना?"

त्या गर्दीत कुणीतरी उचलून ठेवलं असेल.
किंवा मीच.
तीन महिने ते तिथेच होतं,
विमा नसताना.

पोरगा फोटो पाठवत होता तोवर
मी त्याची पेन्सिल मागून घेतली.
किराणाच्या बिलाची पाठ झाकणावर धरली, घासली.
टिंबाटिंबांतून आलं:
चि. काशिनाथ महाले यास
हरसूलच्या मामाकडून.
पुढे साल, अर्धं चेपलेलं.

नाव तर एफआयआरमध्येही होतं.
तिथे त्याला मामा नव्हता.

साडेचारला भामऱ्यांचा फोन.
"झालं मॅडम. हप्ता जरा वाढलाय,
पण आज रात्री बारापासून कव्हर. चालवा बिनधास्त."
मी बरं म्हणाले.
पोराची पेन्सिल माझ्याकडेच राहिली होती.

किल्ली खिळ्याला अडकवली,
झाकण लॅबच्या कोटात गुंडाळलं
आणि पाच-चाळीसची बस धरली.
चौकात उतरून कुणाला विचारायचं,
काय म्हणून विचारायचं,
हे कॉलेज रोड संपेपर्यंत तरी
ठरलं नव्हतं.
कंडक्टरने दोनदा विचारलं, कुठे.