कल्लोळ, पूर ओसरल्यावर

कृष्णा मागं सरली, चिखल ठेवून.
बेळगावच्या कॅम्पातल्या चर्चची आम्ही नऊ जणं,
फावडी सात.
निंगव्वाच्या भिंतीवर
पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्याही वर.

तिचं कन्नड मला अर्धंमुर्धं कळतं.
"मेल्लक, मेल्लक," म्हणाली,
म्हणजे हळू. तिथं कुणीतरी आहे.

एस्तेरनं कोपरापर्यंत हात घातला.
यल्लम्माचा पितळी मुखवटा,
नाकपुड्यांत गाळ.

आम्ही सगळे पास्टर सोलोमनकडे बघत राहिलो.
त्यांनी पिण्याच्या पाण्याचा कॅन उचलला,
शेवटचाच होता,
आणि तिरका धरला.
एस्तेर अंगठ्यानं डोळे मोकळे करत गेली.

संध्याकाळची प्रार्थना राहूनच गेली.
परतताना टेम्पोत, पार चिकोडीपर्यंत,
पाणी कुणी मागितलं नाही.