सहा वॅट

तीन रात्री मी तो मीटर लावून बसले,
भिंत आणि प्लग यांच्या मधे.
जुना टॉवर: अठ्ठावन्न.
नुसता बसलेला, काही न करता.
अठ्ठावन्न वॅट म्हणजे एक पंखा,
जो कुणालाच वारा घालत नाही.

हर्णैत लाइट सांगून जात नाही.
इन्व्हर्टरची बॅटरी चौथ्या वर्षात.
माझी पाळी रात्री दहा ते सहा,
परक्या इस्पितळांची बिलं,
कुणाचा गुडघा, कुणाचं बाळंतपण, त्यांचे कोड.
मधेच तुटलं की गुडघा अर्धाच राहतो पडद्यावर
आणि सकाळी पगारातून कापला जातो.

टॉवर उघडला. खाऱ्या हवेनं स्क्रू तांबेरलेले,
पात्यांवर चिकट काळं मेण,
आणि तळाशी, उबेला, पालीची दोन अंडी.
तीही याच विजेवर.

मासळीच्या हिशेबाच्या वहीत मागून लिहायला घेतलं.
पंखा नको, जे फिरतं ते इथं गंजतं.
दोन पोर्ट, एक बाहेरचं, एक घरातलं;
यूएसबीला लटकवलेलं दुसरं पोर्ट
म्हणजे सुतळीनं बांधलेलं दार.
मेमरी कार्डावर लिनक्स नको,
एक कार्ड गणपतीतच गेलं,
लाइट आली तेव्हा त्याला काहीच आठवेना.

सासरे वहीत डोकावले. चाळीस वर्षं तांडेल.
"रघू पावशानं सहा सिलिंडरचा बसवलान," म्हणाले,
"दोनाचा पुरला असता. बोट दर्यान नाय खाल्ली,
डिझेलनं खाल्ली."
बोट अजून पडाववाटेवर उलटी आहे,
तिच्यावर कुणीतरी बोंबील वाळवतं.

दापोलीत इम्तियाज परकारच्या दुकानात
आठ कोअरचा, चार पोर्टांचा काळा ठोकळा होता.
"भाभी, पुढं लागेल."
पुढं म्हणजे कधी, मी विचारलं नाही,
पण हात त्याच्यावरून फिरवला, खोटं कशाला बोलू.
मग मनात घर मोजलं:
दोन मोबाइल, नणंदेच्या मुलाचा टॅब, टीव्ही,
माझा लॅपटॉप, आणि महिन्यातून दोनदा
कुठल्या तरी बंदरातून यशवंतचा चेहरा,
आधी चौकोन, मग हळूहळू नवरा.

बुडालेल्या पतपेढीचे डबे खालच्या फळीवर होते,
शहाळ्याएवढे, एकावर एक.
माझ्यावर अजून स्टिकर आहे: काउंटर ३.
इम्तियाजनं आतली वायफायची चकती काढली,
त्या खाचेत दुसरं पोर्ट बसवलं,
कानस घेऊन पत्र्याला भोक पाडलं, जरासं तिरकं.
बावीसशे, अडॅप्टर धरून.

रविवारी दुपारी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं.
आमच्या वाडीत घरांना नंबर नाहीत,
पोस्टमन माणसावरून घर ओळखतो.
या डब्यानं मात्र सगळ्यांना नंबर दिले,
टीव्हीला सुद्धा.
पाहुण्यांना बारा तासांचा.
बाहेरून कोण कोण दार ढकलून बघतं
तेही तो लिहून ठेवतो. मी एकदाच वाचलं, पुन्हा नाही.

मीटर: सहा. कधी सात.

सासऱ्यांनी कान लावला.
"यो चालू हाय का मेला?"
मग तळवा ठेवला वर, बराच वेळ,
आजारी वासराच्या कपाळावर ठेवावा तसा.
"हाय," म्हणाले, "ऊब हाय."

फाटक्या जाळ्याच्या तुकड्यात घालून
तो खुंटीला टांगलाय आता, मुंग्यांपासून वर.
काल पावणेदोनला लाइट गेली.
बंदरापासून बुरोंडीच्या वाटेपर्यंत काळोख,
सुवर्णदुर्ग कुठं संपतो आणि पाणी कुठं, कळेना.
खुंटीवर एक हिरवा ठिपका.
मी एका अनोळखी बाईचा गुडघा
शेवटच्या कोडपर्यंत पुरा केला.

पालीची अंडी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली होती.
एक फुटलंय. दुसऱ्याचं अजून काही सांगता येत नाही.