पंचवीस-शून्य-पंचवीस

आधी आठ दिवस नुसतं व्होल्टेज लिहून काढलं.
सबस्टेशनच्या जुन्या लॉगशीटची पाठकोरी पानं होती,
आणि तासातासाला रीडिंग घ्यायची खोड
रिटायर झाल्यावरही बोटांतून गेलेली नव्हती.
पहाटे तीनला दोनशे अठ्ठावन्न.
संध्याकाळी सातला एकशे अठ्ठ्याहत्तर,
तेव्हा मिलच्या भट्ट्या ओढायला लागतात
आणि जुन्या जालन्यात आमच्या गल्लीतले पंखे
पाती मोजता येतील इतके हळू फिरतात.
या दोन आकड्यांच्या मधे कुठंतरी
मला गाणं बसवायचं होतं.

पंचवीस गुणिले एक पूर्णांक चार, वजा डायोडचा वाटा:
चौतीस वर, चौतीस खाली, मधे शून्य.
सुगीला अडतीस. टंचाईत सव्वीस.
कपॅसिटर त्रेसष्ट व्होल्टचेच घ्यायचे,
पन्नासात भागेल म्हणणाऱ्यांचे फुगलेले मी पाहिलेत.

वाहेदचं दुकान मोंढ्यामागं, मोटार रिवाइंडिंगचं.
म्हणाला, "दोन ट्रान्सफॉर्मर कशाला रे? एकात भागतंय की."
मी म्हणालो, डावीकडच्या ढोलकनं मोठा घास घेतला
तर उजवीकडची पेटी उपाशी राहू नये.
"म्हंजे भावकी. एका बोअरवर दोन मोटारी नकोत."
मग तार निवडता निवडता,
पाना कुठं ठेवला हे सांगावं तसं,
"माझा उजवा कान मिलनं ठेवून घेतला.
मला एकच बाजू लागती."

टोरॉइडचा कोर म्हणजे पोलादाची चुंबळ.
तिच्यावर घागर नाही, तांबं:
भोकातून आत, वरून बाहेर, चारशे साठ वेळा,
शंभराला एक लाल दोरा.
तीनशे बाराला चहा आला,
तेव्हा त्यानं पोराला हातानंच थांबवलं,
आकडा ओठांत धरून.
दोन्ही गुंडाळले. पैसे एकाचेच घेतले.
दुसऱ्याचं विचारलं
तर उजवा कान पुढं केला.

एकतीस वर्षं मी फीडर पाडले.
वरून फोन यायचा, मी हँडल ओढायचो, वेळ लिहायचो.
कुणाचं काय अर्ध्यात तुटलं
याला लॉगशीटमधे रकाना नव्हता.
म्हणून असेल, पण हिशेबात दहा हजार येत असताना
मी वीस-वीस हजार मायक्रोफॅरड घातले.
वाहेद म्हणाला, "हौद बांधायलास का?"
हो म्हणालो.
आणि वर ब्लीडर लावले, कारण भरलेला कपॅसिटर
बटण बंद केल्यावरही दबा धरून बसतो,
आणि घरात नातू रांगायला लागलाय.

पहिल्या रात्री सिरीजमधे शंभरचा बल्ब.
लाल झाला. विझला.
म्हणजे खैर.
वाहेदनं स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली,
टोक ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टला टेकवलं, डोळे मिटले.
त्याचा ऐकायचा रस्ता हा, जबड्यातून.
आधी डावा. मग उजवा. उजव्यावर जास्त वेळ.
मग मूठ पुसून म्हणाला, "लाव."

उरुसातली कव्वाली लावली.
आवाज चढत होता, टाळ्या दोन्ही बाजूंनी येत होत्या,
आणि सात दहाला
माझ्या खुर्चीवर आता जो कोण पोरगा बसतो
त्यानं हँडल ओढलं.
गल्ली काळी झाली.
कव्वाल गात राहिला.
एक. दोन. तीन.
चौथ्याला उजवी बाजू खरखरत बसली,
डावी अजून अर्धा श्वास चालली,
वाहेदच्या बाजूची.
अंधारात तो एवढंच म्हणाला, "लिहून ठेव."

लिहिलंय. त्याच पानांवर, वेळेसकट.
एक लिहिलं नाही:
उजव्या स्पीकरमधे बारीक घूं आहे,
गाणं थांबलं की येते.
त्याच्या गुंडाळणीची नव्हे, माझ्याच अर्थिंगची,
शून्याच्या दोन तारा मी एका बिंदूवर आणल्या नाहीत.
वाहेद रोज संध्याकाळी येऊन त्याच बाजूला बसतो.
मी त्याला सांगितलेलं नाही.
दातांत मूठ धरली होती तेव्हा
त्याला काय ऐकू आलं
तेही त्यानं सांगितलेलं नाही.