इथं अजून जन्मला नाही

बॅटऱ्यांच्या दुकानावरचा जिना अरुंद आहे.
पेटी आडवी करून वर न्यावी लागते,
वळणावर तिचा भाता आपोआप सुटतो
आणि ती एक लांब सुस्कारा टाकते.
मीही टाकते. वय दोघींचं सारखंच.

वर आमचं उपासनालय :
मांगोर हिलवरचा भाड्याचा हॉल, चौतीस प्लास्टिकच्या खुर्च्या.
त्यांतल्या एकोणीस भरतात,
बंदरात ओळखीची बोट लागली तर बावीस.
मूर्ती नाही, चित्र नाही, भिंतीवर फक्त ओल,
आणि टेबलावर स्टीलच्या परातीत चार मेणबत्त्या.
एका रविवारी एक. त्याहून जास्त नाही.

खाली अख्ख्या वास्कोला घाई झालेली.
गॅलरीगॅलरीत तारे, एका रिक्षातसुद्धा,
समोरच्या फिलोमेनाबाई दोदोल घोटून घोटून
खांद्याला बाम लावून बसलेल्या.
आणि आमच्याकडे वडील रूबेन दाभाडे,
पस्तीस वर्षं बंदरावर क्रेन चालवलेला माणूस,
दर आगमनकाळात तेच सांगतात :
पंचवीस तारखेआधी जन्माचं गीत नको.
रिकामा पाळणा हलवू नये.

म्हणून मी वाट बघण्याची गीतं वाजवते.
आईच्या वहीतली.
मिरजेला नाइट ड्यूटी संपवून
तिनं ती पेन्सिलीनं उतरवलेली,
शब्द वर, सा रे ग खाली,
एका पानावर आयोडीनचा डाग, नेमका पंचमावर.
ही गीतं घरात येत नाहीत.
उंबऱ्याशी उभी राहतात,
ज्याला 'या' म्हणायचं राहून गेलंय
अशा पाहुण्यासारखी.

तिसऱ्या रविवारी तो आला.
स्तोत्र अर्ध्यावर असताना जिन्यात बूट वाजले.
मागच्या रांगेत एक मुलगा :
वर साधा शर्ट, खाली लाल मखमली विजार,
हनुवटीवर दाढी चिकटवायचा डिंक.

झोदिना. आयझॉलचा.
बोगमाळोच्या हॉटेलात गिटार वाजवतो.
चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाला,
एक तारखेपासून दिवसातून तीनदा,
न्याहारीला, चहाला, जेवणाला,
बुफेच्या बाजूला उभा राहून
जन्म करतोय, आंटी.
काल एका पाहुण्यानं परत करायला सांगितला,
त्याचा व्हिडिओ राहिला होता.

मग हॉलभर नजर फिरवून, जरा घाबरतच :
इथं अजून जन्मला नाही ना?
नाही, म्हटलं.
बरं झालं, म्हणाला,
आणि खुर्चीला असा टेकला
जशी पायातली चप्पल काढावी.

पुढच्या रविवारचं गीत बसवायला थांबला.
आईची वही त्याला वाचता येईना.
त्याच्या गावी लिहितात डो, रे, मी, नुसती आद्याक्षरं,
मधे ठिपके, रेघा, चार आवाजांचे चार मजले.
मी पट्टी दाबली : सा.
तो म्हणाला, डो.
मी, सा.
डो.
पेटी मात्र एकच काहीतरी म्हणत होती.

आम्ही एकोणीस जण इतकी वर्षं
एकाच आवाजात गात आलो,
एकामागून एक, बैलगाडीच्या चाकोरीतून.
तो दुसऱ्या ओळीला खाली उतरला.
आमच्या गाण्याला तळघर आहे
हे आम्हांला ठाऊक नव्हतं.
मी चुकले. पुन्हा धरलं. पुन्हा चुकले.
कुणी बोललं नाही.

मेणबत्त्या विझू नयेत म्हणून पंखे बंद,
घाम मानेवरून पाठीत.
रूबेनकाका डोळे मिटून बसलेले,
उजवा हात मांडीवर,
आणि तो हात हळू, फार हळू
एक न दिसणारा दांडा मागे ओढत होता,
खाली माणसं उभी असताना
वरचं ओझं जसं उतरवतात तसा.

चार वाजता झोदिनानं घड्याळ पाहिलं.
खिशातून दाढी काढली, झटकली, परत ठेवली.
जिन्यावर त्याला पेटीसारखंच
आडवं होऊन वळावं लागलं, हातात गिटार होती.

मी खिडक्या लावल्या, परात पुसली.
चौथीची वात अजून पांढरी होती.