घट

विश्रामबागेत, खोचे मॅडम दिव्याखाली
माझा गाल धरतात,
मी सौद्यात हळकुंड धरते तसा.

ओठावर कधी तापाचे फोड आलेत?
रात्रीचं क्रीम कुठलं? ते आधी बंद.
जखम भरल्यावर काळी पडते का?
मी कोपर दाखवते.
अठ्ठ्याऐंशी साल, लुना, आयर्विन पूल.
डाग तसाच.
मॅडम गप्प. लिहून घेतात.

आपल्या रंगाला लेसर जपून, म्हणाल्या.
सुरकुती जाते आणि सावली राहते, असंही होतं.
आधी कानामागे एक ठिपका, मग महिनाभर वाट.
पुढं आठवडाभर तोंड लाल, साल निघणार,
आणि ऊन तीन महिने वर्ज्य.

ऊन वर्ज्य!
मग मार्केट यार्डात ढिगांपुढं
डोळे बारीक करून कोण उभं राहणार?
ह्या रेघा तिथल्याच तर आहेत.

पॉलिशच्या ड्रमात माल ओतताना
तासगावचे शिवगोंडा पाटील दरसाल विचारतात,
तेच मी विचारलं:
मॅडम, घट किती?

त्यांनी फॉर्म उलटून पाहिला.
असा रकाना नव्हता.

सही राहिलीय.
ठिपका मात्र घेऊन आले.
रोज रात्री बोटानं चाचपते,
अजून ओला,
की वाळला.