खातं

सकाळी पावणेनऊला मी डॉक्टर वृंदा हलगेकर असते,
पशुवैद्यकीय दवाखाना, नंदगड.
फोटोत पांढरा कोट, मागं लसींचा फ्रीज.
लाळ्या-खुरकुताची तारीख वर कन्नडमध्ये,
खाली मराठीत,
दोन्ही ओळी एकाच मापाच्या,
कारण मागं एकदा मराठी अक्षरं जराशी थोर पडली
तर वरून फोन आला,
आणि कन्नड आधी का, म्हणून बिडीच्या एका पोरानं
तीन दिवस मला झोडपलं.
तेव्हा मी एका म्हशीच्या पोटात
खांद्यापर्यंत हात घालून रेडकू फिरवत होते.
ती ओरडली ते कुठल्या ओळीत लिहायचं
मला सुचलं नाही.

दुसरं खातं छबीचं.
छबी हे घरचं नाव, बाबांनी ठेवलेलं.
तिथं तेवीस माणसं.
करपलेली आंबोळी, शेणानं माखलेली चप्पल,
मलप्रभेवरचं धुकं,
आणि कधीतरी दोन ओळी
ज्यांना कविता म्हणायला मी लाजते.
गावाच्या रकान्यात मी खानापूर लिहिलं
तर फोननं मला सांगली जिल्ह्यात नेऊन बसवलं.
माझी चुलतबहीण हसून हसून रडली :
‘सत्तर वर्षं मोर्चे काढून जमलं न्हाई गं,
तू एका बोटात महाराष्ट्रात गेलीस!’
मी ते दुरुस्त केलं.
लगेच नाही. दोन दिवस राहिले तिथं.

नियम साधा होता.
खात्याच्या खात्यावर रडायचं नाही,
छबीनं कुणाला डोस सांगायचे नाहीत.
अंगठा डावीकडं सरकवला की बाई,
उजवीकडं सरकवला की साहेब.
मधे एक क्षण पडदा पांढरा होतो,
तिथं कोण असतं
ते मी कधी थांबून पाहिलं नाही.

परवा गुंजीला परशराम गुरवाची म्हैस गेली.
रेडकू निघालं, जगलं. ती उठली नाही.
रात्री साडेअकराला हात तीनदा धुऊन
मी लिहिलं :
‘आज एक म्हैस माझ्या हातात गेली.
उशीर मी केला का, कळत नाही.
घास उतरत नाही. – छबी’
आणि चुकीच्या बाजूला पाठवलं.
अकरा मिनिटांनी पुसलं.
तोवर तीनशे बारा जणांनी वाचलं होतं.

सकाळी हत्तरवाडच्या गंगव्वानं आवाज पाठवला,
मागं कोंबड्या, भांडी, आणि मधे ती :
‘ऊटा माड्री, डॉक्टर.
मोदल ऊटा माड्री.’
कुणी विचारलं, छबी कोण?
कुणी लिहिलं, ही आमची डॉक्टरीण.
कुणी लिहिलं, मग चूक कबूलच झाली की,
भरपाई मागा.
बिडीचा तो पोरगा काहीच बोलला नाही.
नुसता हात जोडलेला एक चिन्ह टाकून गेला.

दुपारी कागद आला, शिक्क्याचा :
तीन दिवसांत स्पष्टीकरण द्यावे.
मी लिहायला बसले,
‘सदर मजकूर चुकीच्या खात्यावरून...’
आणि पेन तिथंच अडलं.
दवाखान्यात रोज माझा पहिला प्रश्न असतो
‘खातं का?’
ढोर खात असेल तर निम्मी काळजी मिटते.
स्वतःला कधी विचारलंच नव्हतं,
तर तो गंगव्वानं विचारला,
तोही सगळ्या तालुक्यासमोर.

कागद अजून तसाच आहे, औषधांच्या खोक्याखाली.
उद्या शेवटचा दिवस.
आत्ता गुंजीहून फोन आला.
पलीकडं परशराम, थोडा दबकून :
‘ओ छबीडॉक्टर...
म्हणजे मॅडम...
रेडकू बाटलीनं पिऊलालंय बगा.
तुमाला सांगावं म्हटलं.’

मी म्हटलं, कोमट द्या, गार नको.
मग म्हटलं,
मी जेवले हो.